ऑक्सिजनची बाजू

"दिनकरराव निघालेत तिकडं. तू भरून तयार ठेव," असं म्हणून अप्पांनी फोन ठेवला, आणि काय भरून ठेवायचं हे महेश्वरीला कळेपर्यंत तिच्या हातातला चिमटा फरशीवर पडून टेबलाखाली गेलाही होता. बोरीहून अप्पांचा फोन आला की तो जेवलीस का, नळाला पाणी येतंय का, एवढ्यावर आटपायचा. आज त्यांनी श्वास न घेता सगळं सांगून टाकलं होतं. त्यांच्या कमलवहिनीचं करोनानं लय अवघड झालंय. दवाखान्यातला ऑक्सिजन संध्याकाळपर्यंतच पुरंल म्हणायलेत. सिलिंडरची गाडी कवा येईल ते कोणालाच ठावं न्हाई. म्या म्हणलं, एवढं कशाला घाबरायलाव, आपली महेश्वरी हाय की परभणीतच. "अप्पा, तसं नसतं ओ ते," असं ती म्हणाली होती, नक्की म्हणाली होती, पण अप्पा तेव्हा दुकानात होते, आणि दुकानात त्यांना समोरच्याचं अर्धंच ऐकू येतं. "कमी असलं तरी चालंल," ते म्हणाले होते. जिरं कमी असलं तरी चालेल म्हणावं, त्या सुरात. महेश्वरी खाली वाकली, चिमटा काढला, पुसला, आणि जागेवर ठेवला. 

लॉकडाउनमुळे कॉलेज बंद होतं. एप्रिल तापला होता, रस्त्यावर कुत्रंसुद्धा नव्हतं, आणि मधूनमधून रुग्णवाहिका ओरडत जायची तेव्हाच हे शहर आहे असं वाटायचं. महेश्वरीला मात्र पास होता, कारण तिचा सेल बंद पडून चालणार नव्हतं. सेल म्हणजे काचेचं एक चौकोनी भांडं, मध्ये पडदा, दोन बाजूंना कॉस्टिक पोटॅशच्या पाण्यात बुडवलेल्या जाळीच्या दोन चकत्या, प्रत्येकी अंगठ्याच्या नखाएवढी. तारांतून वीज सोडली की पाणी फुटतं. एका बाजूला हायड्रोजन, दुसऱ्या बाजूला ऑक्सिजन. ज्या धातूंनी हे काम चटकन होतं ते सोन्याहून महाग, म्हणून सगळ्या जगात लोक स्वस्ताईच्या मागं लागलेले. महेश्वरीनं आपल्या वयाची चांगली वर्षं निकेलच्या जाळीवर लोखंडाचा पातळ थर चढवण्यात घालवली होती. तो थर टिकतो का, महिनोन्‌महिने टिकतो का, हे बघायला सेल हिवाळ्यापासून अखंड चालू होता. आणि या सगळ्यात गंमत अशी की लोकांना पाहिजे होता तो हायड्रोजन. त्याच्यावर म्हणे उद्या मोटारी चालणार, खतं होणार, कारखाने चालणार. पण अडून बसतो तो ऑक्सिजन. हायड्रोजन शहाण्या पोरासारखा निघून येतो, ऑक्सिजनला मात्र वीज चारावी लागते, विनवावं लागतं. तिचा सगळा उद्योग त्या अडेलतट्टूला कमी विजेत बाहेर काढण्याचा. आणि तो बाहेर आला की त्याचं करायचं काय, तर एक रबरी नळी लावून खिडकीबाहेर सोडून द्यायचं. सगळेच सोडतात. त्यात वावगं काही आहे असं आजपर्यंत तिच्या मनातही आलं नव्हतं. आता ती त्या नळीच्या टोकाकडे बघत उभी राहिली. टोक गजाला सुतळीनं बांधलेलं होतं. बाहेर कडुलिंबाच्या झाडाखाली ऊन होतं.

अप्पांना तिनंच समजावलं होतं हे सगळं. बसवराज अप्पांचं बोरीत किराणा दुकान. पोरगी परभणीत काय करते म्हणून गिऱ्हाईक विचारणार, आणि अप्पांना उत्तर नाही, ही त्यांना मोठी नामुष्की वाटायची. उत्प्रेरक म्हणजे काय, असं त्यांनी एकदा पूजा उरकून, कपाळावरची विभूती ओली असतानाच विचारलं. स्वतः खर्ची पडत नाही पण दोघांना वेगळं करून देतो, असं ती म्हणाली, तेव्हा अप्पा खूश होऊन म्हणाले, "म्हणजे दलाल. फक्त दलाली घेत न्हाई, म्हणून लोकाला नवल!" तिला इतकं हसू आलं होतं. पण हायड्रोजन हा शब्द दुकानात चालेना. एकानं विचारलं, त्याचा तर बॉम्ब करतात न्हवं? मग अप्पांनी धंद्याच्या अकलेनं तो माल मागं ठेवला आणि पुढं ऑक्सिजन मांडला. आमची महेश्वरी पाण्यातून ऑक्सिजन काढती. हे खोटंही नव्हतं. महेश्वरीच्या पाहुण्यांत, शेजारपाजारी, जंगमांच्या घरी, सगळीकडे ती तशीच ओळखली जाऊ लागली, आणि हायड्रोजनपेक्षा हे ऐकायला बरं वाटतं म्हणून तिनंही कुणाला टोकलं नाही. शेजारच्या कमलकाकूंना, दिनकररावांच्या बायकोला, तर तिनं करून दाखवलं होतं. काकूंच्या स्वयंपाकघरात, ओट्यावर, खायचा सोडा घातलेलं पाणी, मोबाइलच्या चार्जरची तार, आणि तिनं पर्समधून आणलेल्या निकेलच्या दोन पट्ट्या. परीक्षानळीत गॅस जमला तशी तिनं विझत आलेली उदबत्ती आत धरली, आणि उदबत्ती भपकन पेटली. काकू लहान मुलीसारख्या मागं सरकल्या. "अगं बाई, हे तर जीव घालायलंय तिच्यात!" त्या म्हणाल्या, आणि दिनकररावांना हाक मारून पुन्हा एकदा करायला लावलं. त्या दिवशी महेश्वरीला कुठल्याही परिषदेत वाटलं नव्हतं इतकं भारी वाटलं होतं.

तिनं दिनकरकाकांना फोन लावला. लागेना. तो व्यस्त, मग बंद, मग पुन्हा व्यस्त. शेवटी योगीराजला लावला. योगीराज काकूंचा मुलगा, तिच्याहून लहान, दवाखान्यात आईजवळ बसलेला. त्याचा आवाज दबका होता, आणि मागं कुणीतरी सारखं खोकत होतं. "आण्णा गेलेत ट्यूब आणायला," तो वडिलांबद्दल म्हणाला. "तिकडूनच येतील तुझ्याकडं." ट्यूब कसली, असं विचारायच्या आत तो पुढं म्हणाला, "महेश्वरीताई, आईला मी सांगितलं बरं का. सकाळपासून लय तडफडायली होती. मास्क काढून फेकायची. तुझं नाव काढलं आन् शांत झाली बघ. आता गप पडलीय." महेश्वरीच्या ओठावर आलेलं वाक्य तिथंच राहिलं. योगी, माझ्याकडं काही नाही, एवढंच बोलायचं होतं. पाच शब्दही नव्हते. पण त्या पलीकडे एक बाई त्या न बोललेल्या वाक्याच्या आधारानं पडून होती, आणि ते काढून घ्यायचं म्हणजे तिची उशी काढून घेण्यासारखं होतं. "बरं," ती म्हणाली. "बघते." फोन ठेवल्यावर तिला स्वतःचा राग आला, मग अप्पांचा आला, मग कुणाचाच येईना. रागालाही माणूस समोर लागतं.

हिशेब करायची गरज नव्हती, तरी तिनं केला. हात रिकामे असले की तिला हिशेब सुचतो, ही जुनी खोड. काकूंना मिनिटाला आठ-दहा लिटर लागत असणार. आणि समोरचा हा सेल, ज्याच्याबद्दल तिनं एवढे पेपर लिहिले, ज्याची वीज थोडी कमी लागते म्हणून परदेशातून एकानं अभिनंदन कळवलं होतं, हा सेल अखंड चालू ठेवला तर काकूंच्या एका मिनिटाच्या श्वासापुरतं भरायला दिवाळी उजाडली असती. एका मिनिटाला दिवाळी. तिनं आकडे पुन्हा घातले. दिवाळीच आली. तिला हसू आलं, आणि हसू आलं याची भीती वाटली. इतकी वर्षं ती छोट्या आकड्यांत राहत आली होती. व्होल्टचा शंभरावा भाग वाचला की डबा उघडून बर्फी वाटायची. ते आकडे खोटे नव्हते, तिनं कधी कुणाला फसवलं नव्हतं, पण माणूस मरायला टेकलं की लिटर लागतात, ही साधी गोष्ट त्या आकड्यांना माहीत नव्हती. आणि तिला तरी कुठं माहीत होती? नळाखाली बादली लावणाऱ्या कुणालाही माहीत असते ती.

मग ती उठली. नुसतं बसून राहणं जमेना. फिजिक्सच्या खोलीतला मोठा पॉवर सप्लाय तिनं ओढत आणला, कपाटातली उरलेली सगळी जाळी काढली, कात्रीनं कापून तिचे दोन मोठे गुंडाळे केले, काचेच्या बरणीत पोटॅश ओतलं आणि एका गुंडाळ्यावर पालथं नरसाळं धरून नळी जोडली. हातमोजा फाटला होता. बोटांना पोटॅशचा बुळबुळीतपणा लागला, साबणासारखा, आणि मागोमाग आग. तिनं बटण फिरवलं. बरणी दुधासारखी पांढरी झाली. इतके बुडबुडे तिनं आयुष्यात काढले नव्हते. क्षणभर, खरंच क्षणभर, तिला वाटलं की होईल. तिनं नळीखाली मोजपात्र लावलं. एक पेलाभर वायू जमायला चहाला उकळी यावी तेवढा वेळ गेला. तेवढ्या वेळात काकूंना दोन हंडे लागत होते. आणि हा वायू तरी कसला? त्यात पोटॅशचे तुषार, कडेनं शिरलेला हायड्रोजन. असलं काही फुप्फुसात घालायचं म्हणजे... तरी तिनं बटण आणखी फिरवलं. तारेचा वास आला, जळक्या रबराचा, आणि फट् असा आवाज होऊन खोलीतली वीज गेली. पंखा हळूहळू थांबला. तिचा सेल, हिवाळ्यापासून न थांबलेला, तोही थांबला. नखाएवढ्या जाळीला चिकटलेला शेवटचा बुडबुडा तिथंच राहिला. एवढ्या दिवसांची परीक्षा मोडली म्हणून वाईट वाटेल अशी तिनं वाट पाहिली. वाटलं नाही. नंतर वाटलं, आणि त्याची तिला लाज वाटली.

आई गेली तेव्हा महेश्वरी तिसरीत होती, आणि तेव्हापासून तिचं जेवण कमलकाकूंकडंच असायचं. लिंगायतांच्या घरातलं पोर म्हणून दिनकररावांच्या घरचं मटणाचं भांडं कधी तिच्या पानाजवळ आलं नाही. काकू तिच्यासाठी वेगळी तवली ठेवायच्या, आणि ती तवली दुसऱ्या कुणी घेतली तर घर डोक्यावर घ्यायच्या. काकूंचा आवाज म्हणजे गावातली मशहूर गोष्ट. घराच्या माळवदावर उभ्या राहून त्या शेतातल्या गड्याला हाक मारत, आणि तो तिकडून ओ देई. पावसाळ्यात सरपण ओलं असलं की त्या चुलीसमोर बसायच्या, फुंकणी तोंडाला लावायच्या, आणि एका दमात धूर जाऊन जाळ उभा राहायचा. महेश्वरीनं हट्टानं फुंकणी घेतली की तिच्या डोळ्यांत धूर, काकू हसायच्या. "दम धर पोटात. गालातनं न्हाई फुकायचं." पुढं बीएस्सी झाल्यावर अप्पांनी लातूरचं स्थळ काढलं, मुलगा चांगला होता, अप्पांचं चुकलं असं नाही, पण काकू दुकानात येऊन पोत्यावर बसल्या आणि म्हणाल्या, "भाऊजी, शिकू द्या की तिला. मला शिकवलं असतं तर मी काय तुमच्या दुकानात उधाऱ्या मागत बसले असते का?" सगळं दुकान हसलं. अप्पाही हसले, आणि लातूर राहिलं. या खोलीत, या पंखा बंद पडलेल्या खोलीत, ती आज उभी होती ती त्या एका वाक्यावर. ज्या बाईनं तिला इथवर ढकललं तिला आज या इथल्याच एका गोष्टीची गरज पडावी, आणि तीच नेमकी इथं नसावी. महेश्वरीनं ॲप्रनच्या आत हात घालून गळ्यातलं इष्टलिंग मुठीत धरलं. प्रार्थना कोणती करावी हे मात्र आठवेना. फ्यूज तेवढा बदलावा, असं वाटलं. तिनं तो बदलला.

दिनकरराव जिना चढून आले तेव्हा त्यांच्या खांद्यावर ट्रॅक्टरच्या मोठ्या चाकाची नवीकोरी ट्यूब होती. तोंडाला उपरणं बांधलेलं, त्याच्यावर मास्क, सदरा पाठीला चिकटलेला. ट्यूब ओली होती. पाणी जिन्यावर ठिपकत आलं होतं. "आतून-बाहेरून धुतली," ते दारातूनच म्हणाले. "दुकानदाराला उठवून शटर उघडाया लावलं. वास येतोय थोडा रबराचा, चालंल न्हवं? हवा धरती बघ ही, महिना महिना धरती." बोरीत त्यांच्याकडं दोन ट्रॅक्टर, तीस एकर हळद-सोयाबीन, चार माणसांत शब्दाला मान. हा माणूस ट्यूब खांद्यावरून न उतरवता तिच्याकडं बघत उभा होता. महेश्वरीला बसा म्हणायचंही सुचलं नाही.

"काका," ती म्हणाली, "होत नाही ओ एवढं."

"किती होतंय?"

"काहीच नाही होत."

दिनकरराव थोडे पुढं आले. आवाज खाली आणून म्हणाले, "सरकारी हाय म्हणून अडचण हाय का? मी कुठं बोलत न्हाई. बाकीचे आले तर न्हाई म्हण. योगीला बी सांगून ठेवतो. फक्त तुझ्या काकूपुरतं." त्यांना खरंच तसं वाटत होतं, की आहे, पण कुलपात आहे. महेश्वरीच्या डोळ्यांत पाणी आलं. आहे आणि देत नाही, असं त्यांनी समजून घेतलेलं तिला चाललं असतं. त्यांनी चिडावं, शिव्या घालाव्यात, मग ती त्या शिव्यांच्या आड उभी राहिली असती. पण ते विनवत होते, आणि त्यांना विनवताना तिनं कधी पाहिलं नव्हतं.

तिनं सेल चालू केला. दिवा लागला. "या," ती म्हणाली, आणि त्यांना काचेजवळ घेऊन गेली. ते वाकले. चष्मा वाफेनं धुरकटला म्हणून काढून सदऱ्याला पुसला, पुन्हा वाकले. नखाएवढ्या जाळीवर एक बुडबुडा फुगत होता. फुगला, सुटला, वर गेला. मग दुसरा. दिनकररावांनी आयुष्यभर विहिरी, मोटारी, ठिबकच्या नळ्या बघितल्या होत्या. पुरतंय किती आणि लागतंय किती हे त्यांना कुणी सांगावं लागत नव्हतं. ते बराच वेळ बघत राहिले. ट्यूब खांद्यावरून घसरून फरशीवर पडली, तिचा पसरट आवाज झाला.

"हेच का?" ते म्हणाले.

"हेच."

"धा वर्षं झाली तुला हितं."

तिनं मान हलवली. हा टोमणा नव्हता. त्यांना कोडं पडलं होतं. ते स्टुलावर बसले, हात गुडघ्यांवर, बोटांच्या सांध्यांत हळदीचा जुना पिवळेपणा. "चूक तुझी न्हाई पोरी," ते म्हणाले. "अप्पाची बी न्हाई. आमालाच वाटलं." मग पुन्हा काचेकडं पाहून, "लय झकास चाललंय पण. थांबत न्हाई." महेश्वरीला ओरडावंसं वाटलं. तिचं काम कुणी इतक्या प्रेमानं पाहिलं नव्हतं, आणि ते इतकं निरुपयोगी कधी नव्हतं. ती म्हणाली, कलेक्टर ऑफिसला फोन करू, नांदेडला माझी मैत्रीण आहे, तिच्या ओळखीचा सिलिंडरवाला आहे. भराभर नावं घेत गेली, आणि दिनकरराव प्रत्येक नावाला मान हलवत गेले, कारण त्या सगळ्यांना सकाळपासून फोन करून झाले होते.

त्यांच्या खिशातला फोन वाजला. योगीराज होता. त्यांनी ऐकलं, आणि फोन तिच्यापुढं धरला. "तिला बोलायचंय तुझ्याशी," ते म्हणाले. बाकी काही सांगितलं नाही. काय बोल, काय बोलू नको, काही नाही. 

आधी नुसता श्वास ऐकू आला. वरवरचा, गळ्यातल्या गळ्यात अडणारा, माळवदावरून शेतापर्यंत पोचणाऱ्या आवाजाचा त्यात मागमूस नव्हता. महेश्वरीनं फोन दोन्ही हातांनी कानाशी दाबला.

"म... हेश्वरी," काकू म्हणाल्या. "व्हायलंय का गं?"

सेलमध्ये एक बुडबुडा सुटला. दिनकरराव तिच्या तोंडाकडं बघत होते.

"हो काकू," ती म्हणाली. "भरायलंय."

पलीकडं पुन्हा श्वास. एक, आणि खूप वेळानं दुसरा. मग काकू बोलल्या, प्रत्येक शब्दाला थांबून, लहानपणी तिच्या हातातून काही सांडू नये म्हणून बोलायच्या तशा समजुतीच्या सुरात:

"सावकाश... भर बाई. माझी काई... घाई न्हाई."